पावडरच्या दुधावरच्या बाळाला वरचे अन्न सुरू करताना: पालकांच्या मंचावरचा एक धागा (प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे सदस्यनाम आहे)

मापाचा चमचा

आमची मुलगी परवा साडेपाच महिन्यांची झाली. जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती पूर्णपणे पावडरच्या दुधावर आहे. त्यामागची कारणे येथे मांडत नाही, कारण त्यावरून वेगळाच वाद सुरू होईल आणि माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वरचे अन्न कसे सुरू करावे यावर मी जे काही वाचले, त्यातले जवळपास प्रत्येक पान 'स्तनपान चालू ठेवून' या शब्दांनी सुरू होते आणि माझ्यापुरते तेथेच संपते. अंगावर पिणारे बाळ एखाद्या वेळी किती प्यायले हे कोणालाच नेमके कळत नाही. माझ्याकडे मात्र रोजचा चोख हिशेब आहे. १८० मि.ली.च्या पाच बाटल्या, म्हणजे दिवसाला ९०० मि.ली. दूध.

काही जण सांगतात की हे आईचे दूध नाही, तेव्हा चौथ्या महिन्यातच अन्न सुरू करायला हवे होते. दुसरे सांगतात की डब्यातल्या दुधात सगळी जीवनसत्त्वे घातलेलीच असतात, त्यामुळे आठव्या महिन्यापर्यंत थांबले तरी चालेल. यातले खरे काय? अन्न सुरू केल्यावर बाटल्या कधी आणि किती कमी करायच्या, आणि अन्नही असेच मोजून द्यायचे का? खरे सांगायचे तर ९०० हा आकडा माझा मोठा आधार आहे आणि तो कमी होणार या कल्पनेनेच मला धास्ती वाटते.

आहारवही

मी बालआहाराच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. सुरुवातीच्या वयापुरते बोलायचे तर बाळ कोणत्या दुधावर आहे याने काहीही बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत वरच्या अन्नाची सुरुवात सहा महिने, म्हणजे १८० दिवस पूर्ण झाल्यावर करावी असे म्हटले आहे. युरोपातील बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ मधील भूमिका थोडी सैल आहे: चार महिने पूर्ण होण्याआधी सुरू करू नये आणि सहा महिन्यांच्या पुढे लांबवू नये. दोन्हीकडे पावडरच्या दुधासाठी निराळी तारीख सांगितलेली नाही.

'चौथ्या महिन्यातच सुरू करायला हवे होते' हा सल्ला उलट याच बाळांच्या बाबतीत अधिक जपून घ्यावा असे माझे मत आहे. २०११ मध्ये अमेरिकेत ८४७ मुलांवरचे एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात पावडरच्या दुधावरच्या ज्या बाळांना चार महिन्यांच्या आत अन्न दिले गेले होते, त्यांच्यात तिसऱ्या वर्षी स्थूलता असण्याची शक्यता सुमारे सहापट आढळली. स्तनपान करणाऱ्या बाळांमध्ये असा संबंध दिसला नाही. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे मान्य करूनही घाई करण्यासारखे त्यात काही नाही.

आता आठव्या महिन्यापर्यंत थांबण्याविषयी. डब्याच्या दुधात लोह मिसळलेले असते ही गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच या बाळांना लोहाची निकड स्तनपान करणाऱ्या बाळांइतक्या लवकर भासत नाही. आईच्या दुधात लिटरमागे अर्ध्या मि.ग्रॅ.पेक्षाही कमी लोह असते, मात्र ते चांगले शोषले जाते. डब्याच्या दुधातले लोह कित्येक पट जास्त असले तरी त्याचा थोडाच भाग अंगी लागतो. शिवाय सगळे डबे सारखे नसतात. काहींत लिटरमागे सुमारे १२ मि.ग्रॅ. लोह असते, तर काहींत त्याच्या निम्मेही नसते, तेव्हा आपला डबा फिरवून त्यावरचा तक्ता एकदा वाचावा. सात ते बारा महिन्यांच्या बाळाची दिवसाची गरज अमेरिकी शिफारशीनुसार ११ मि.ग्रॅ. आहे. पण थांबू नये असे मी म्हणते त्यामागचे मुख्य कारण लोह नाही. चावणे, घास जिभेने मागे नेणे आणि वेगवेगळी चव ओळखणे ही कौशल्ये शिकण्याचा एक काळ असतो, आणि तो काळ दुधाच्या डब्यावरचा तक्ता बघून पुढे ढकलला जात नाही.

आपल्या मुलीचे वय जवळ आलेच आहे. आता तिच्याकडे बघा. थोडा आधार दिल्यावर ती बसते का, मान स्थिर धरते का, चमचा ओठांशी नेल्यावर जिभेने तो बाहेर ढकलायचे थांबले आहे का, तुम्ही जेवत असताना तिचे डोळे तुमच्या हाताबरोबर फिरतात का? मुठी चोखणे, रात्री पुन्हा उठू लागणे किंवा बाटली संपल्यावरही कुरकुरणे ही अन्नाला तयार असल्याची लक्षणे नाहीत, हेही येथेच लिहून ठेवते, कारण बहुतेक घरांत याच तीन गोष्टींवरून निर्णय होतो.

रात्रपाळी

जुळ्यांचा बाप आहे आणि दोघेही पावडरच्या दुधावर वाढले, त्यामुळे बाटल्यांचा अनुभव दुप्पट. धागाकर्तीच्या ९०० या आकड्याबद्दल मला लिहायचे आहे, कारण आमच्या घरी दाराला लावलेल्या कागदावर असाच आकडा रोज लिहिला जात असे.

दोघांपैकी एक जण प्रत्येक बाटलीत ३०-४० मि.ली. दूध ठेवून तोंड फिरवायचा. आम्ही बाटली हलवून, गालाला लावून, झोपेत का होईना ते दूध संपवायचो आणि कागदावर पूर्ण आकडा लिहिताना आम्हाला समाधान वाटायचे. सहाव्या महिन्यात वाटी आली तेव्हा आम्ही तीच सवय वाटीला लावली. पहिल्या आठवड्यात सहा चमचे, दुसऱ्यात बारा. तिसऱ्या आठवड्यात तो वाटी पाहूनच तोंड घट्ट मिटू लागला. दुसरा भाऊ मात्र दिलेले सगळे खात होता, म्हणून दोष पहिल्याच्या भुकेचा आहे असे आम्ही धरून चाललो. आमच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: त्याचे पोट भरले हे कोण ठरवते, तो की कागद?

आम्ही कागद काढला. पुढचे आठ-दहा दिवस तो फार कमी खात होता आणि आमचा जीव टांगणीला लागला होता, पण वजनाचा आलेख आपल्या रेषेवरून ढळला नाही. बाटलीच्या बाबतीत पालकांच्या हातून हे सहज होते, कारण बाटली पारदर्शक असते आणि तिच्यावर रेघा असतात. अन्नाच्या वाटीवर सुदैवाने रेघा नसतात. त्या आपण मनाने ओढू नयेत, एवढेच सांगतो.

आणखी एक. रात्रीची झोप लांबावी म्हणून दुधातच धान्याचे पीठ कालवून, निपलचे भोक मोठे करून बाटली देण्याचा सल्ला आम्हाला तीन निरनिराळ्या माणसांनी दिला होता. तो पाळू नका. घशात अडकण्याचा धोका आहेच, पण त्याहून मोठी अडचण ही की बाळ चोखत राहते, शरीरात किती गेले याचा त्याला अंदाज येत नाही, आणि चमच्याने खाण्याचा सरावही होत नाही.

मापाचा चमचा

दोघांचेही आभार. कागदाबद्दल वाचून मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितले, आमच्याकडेही आहे. पण माझी मूळ शंका शिल्लक आहे. एका ठिकाणी वाचले की स्तनपान न करणाऱ्या बाळाला दिवसातून चार-पाच वेळा जेवण द्यावे, आणि स्तनपान करणाऱ्याला सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन वेळा. पाच बाटल्या आणि पाच जेवणे हे गणित माझ्या डोक्यात बसत नाही.

आहारवही

तो आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधील, स्तनपान न करणाऱ्या बाळांविषयीच्या पुस्तिकेतला आहे आणि तो संदर्भ सोडून वाचला की असाच घोटाळा होतो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ७०० आणि पुढच्या वर्षभरात ९००. आईचे दूध मुळीच नसेल तर ही सगळी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते, आणि रोजचे दूध २०० ते ५०० मि.ली.च्या आसपासच असेल असे त्या पुस्तिकेत धरलेले आहे. म्हणून जेवणांची संख्या वाढते.

तुमची गोष्ट निराळी आहे. तयार केलेल्या पावडरच्या दुधात १०० मि.ली.मागे साधारण ६७ किलोकॅलरी असतात. ९०० मि.ली.ला त्या गुणल्या की जवळपास ६०० येतात. म्हणजे तुमची मुलगी आज दिवसाची सगळी ऊर्जा बाटलीतूनच घेते आहे, आणि पहिल्या दिवसांत तिने दोन चमच्यांवर तोंड फिरवले तर त्यात नवल काहीच नाही, कारण तिला भूकच नाही. हा तिचा हट्ट नसून साधा हिशेब आहे. पहिले दोन-तीन आठवडे अन्न हे सरावासाठी असते आणि दूध जसे चालू आहे तसेच राहू द्यावे.

त्यानंतर अन्न जसजसे वाढते तसतसे दूध आपोआप उतरते, ते आपण उतरवायचे नसते. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने दिलेला अंदाज हाताशी ठेवण्यासारखा आहे: सात ते नऊ महिन्यांत दिवसाला सुमारे ६०० मि.ली. आणि दहा ते बारा महिन्यांत सुमारे ४०० मि.ली. ६०० मि.ली. दुधातून ४०० किलोकॅलरी मिळतात आणि उरलेल्या २०० अन्नातून यायच्या असतात. अन्न दाट असेल तर त्यासाठी दिवसभरात मिळून वाटीभर पुरते. पाण्यासारखे पातळ असेल तर तेवढ्यासाठी बाळाच्या पोटात जागाच उरत नाही. म्हणून जेवणे किती यापेक्षा घास किती दाट आहे हे आधी बघावे. चमचा तिरका केल्यावर जे ओघळून जाते ते फार पातळ, आणि जे चमच्याला धरून राहते ते योग्य, ही खूण मला कोणत्याही मोजमापापेक्षा उपयोगी वाटते. शिजवलेल्या धान्याला किंवा डाळीला वरून थोडे तेल किंवा तूप घातले की आकारमान न वाढता ऊर्जा वाढते.

क्रमाविषयी एक सूचना. सुरुवातीला बाटली आणि वाटी यांत तासाभराचे अंतर ठेवावे, म्हणजे मुलगी भुकेने रडतही नसेल आणि पोट तुडुंबही नसेल. आठव्या महिन्याच्या आसपास दिवसातल्या एखाद्या वेळी अन्न आधी आणि दूध नंतर असे करून बघावे. सर्वांत शेवटी जाते ती झोपेपूर्वीची बाटली, आणि तिच्याशी भांडण्याची घाई करू नये.

सायीची वाटी

एवढी आकडेमोड करण्यापेक्षा सहा महिने झाल्यावर डबाच बंद करून साधे दूध का सुरू करू नये? आपल्या आधीच्या पिढ्या त्यावरच वाढल्या. आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही सहा ते अकरा महिन्यांत जनावराचे दूध चालेल असे म्हटले आहे, असे माझ्या वाचनात आले.

आहारवही

आपण वाचले ते बरोबर आहे. २०२३ च्या सूचनांत, ज्या बाळांना आईचे दूध मिळत नाही त्यांना सहा ते अकरा महिन्यांत पावडरचे किंवा जनावराचे, यांपैकी कोणतेही दूध देता येईल असे म्हटले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि ब्रिटनची आरोग्य सेवा मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत ते मुख्य पेय म्हणून देऊ नका असे सांगतात. अन्न शिजवताना थोडे वापरले तर हरकत नाही असे ब्रिटनची सेवा म्हणते. हा मतभेद खरा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. गाईच्या दुधात लोह अगदी नगण्य असते, प्रथिने आणि क्षार जास्त असल्यामुळे लहान मूत्रपिंडांवर भार पडतो आणि काही बाळांच्या आतड्यातून नकळत थोडे रक्त जाऊ शकते. ज्या घरात पावडर परवडतच नाही, किंवा ती कालवायला स्वच्छ पाण्याची खात्री नाही, तेथे वेगळा निर्णय शहाणपणाचा ठरू शकतो, पण मग लोह अन्नातून किंवा औषधातून मिळण्याची तजवीज डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी करावी लागते. बाळाला जे दूध मानवले आहे आणि घरात ज्याची सोय आहे, ते या कारणाविना बदलावे असे मला वाटत नाही.

याच्या उलट बाजूची चूकही सांगून ठेवते. सहा महिने झाले की 'पुढच्या टप्प्याचा' डबा घ्यावा असे वाटू लागते. अशा दुधाची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने १९८६ मध्येच आपल्या ठरावात म्हटले होते. पहिल्या टप्प्याचेच दूध वर्ष पूर्ण होईपर्यंत पुरेसे असते.

तिखटमीठ

सदस्यनाम काहीही असले तरी वर्षाच्या आत मीठ आणि साखर दोन्ही घालू नका, आणि मधाचे बोटही लावू नका. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. शिजवल्याने ते खात्रीने मरत नाहीत, म्हणून खिरीतही नको.

माझा मुद्दा मात्र चवीचा आहे. आईच्या आहारातल्या चवी तिच्या दुधात उतरतात, त्यामुळे स्तनपान करणाऱ्या बाळाला थोडीफार विविधता आधीच चाखायला मिळते. पावडरच्या दुधाची चव पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच असते. म्हणून आपल्या बाळाने गाजराला तोंड वेडेवाकडे केले तर त्याला गाजर आवडत नाही असा शिक्का लगेच मारू नका. त्याच्या आयुष्यातली ती बहुधा दुसरी चव आहे. २००१ मध्ये अमेरिकेत पावडरच्या दुधावरच्या बाळांवरच एक प्रयोग झाला होता. ज्या बाळांना काही दिवस रोज निरनिराळ्या भाज्या दिल्या गेल्या, त्यांनी पुढे अनोळखी पदार्थही एकच भाजी मिळालेल्या बाळांपेक्षा अधिक सहज खाल्ला. एकच पदार्थ आठवडाभर देत राहण्याचा जुना सल्ला मी त्यानंतर सोडला. न आवडलेला पदार्थ आठ-दहा वेळा, पण दर वेळी चमचाभरच आणि आग्रह न करता, समोर आणावा. शेवटी बाळाचा चेहरा काय म्हणतो त्यापेक्षा ते पुन्हा तोंड उघडते की नाही हे बघावे.

रात्रपाळी

गुठळ्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून पुन्हा येतो. आम्ही घाबरून नवव्या महिन्यापर्यंत सगळे गुळगुळीत वाटून देत होतो आणि ती चूक निस्तरायला पुढचे वर्ष लागले. दुधाच्या सवयीमुळे पातळ आणि एकसारखे तेच सुरक्षित असे वाटते. प्रत्यक्षात काही आठवड्यांतच काट्याने चेचलेले आणि आठव्या महिन्यापर्यंत बोटाने चिरडेल असे मऊ तुकडे बाळाच्या हातात यायला हवेत. घास घशाजवळ गेला की बाळ आवाज करते, डोळ्यांत पाणी येते, चेहरा लाल होतो आणि ते स्वतःच घास पुढे ढकलते. तो उमासा आहे, त्यात हात घालू नये. आवाजच येत नसेल, श्वास अडला असेल, ओठ निळसर होत असतील, तर घास अडकला आहे. त्या वेळी काय करायचे हे अन्न सुरू करण्याआधी कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावे, वाचून येत नाही. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षे आणि कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत.

निळा डबा

आमच्या मुलाला गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असल्यामुळे तो वेगळ्या, प्रथिने तोडलेल्या पावडरवर होता. अशा बाळांच्या पालकांनी येथे वाचलेले सगळे तसेच लागू करू नये. दही, लोणी, तूप आणि दुधाचा अंश असलेले तयार धान्याचे डबे हे सगळे आमच्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवशीच खुले झाले.

इतर पदार्थांबाबत मात्र भीतीने थांबू नका, असे आम्हाला सांगितले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रयोगात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला आणि निम्म्यांना पाच वर्षे दिला नाही. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी पहिल्या गटात सुमारे ३ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे १७ टक्के मुलांना आढळली. अर्थात अशा बाळांची आधी तपासणी होते. साध्या बाळांना नीट शिजलेले अंडे आणि पातळ केलेला शेंगदाण्याचा लगदा दिवसाउजेडी, थोडासा आणि एका वेळी एकच नवा पदार्थ अशा रीतीने द्यावा, म्हणजे काही झालेच तर कशाने झाले ते कळते.

मापाचा चमचा

पाणी आणि शी याबद्दलही कोणी सांगेल का? आणि खिरीत दुधाऐवजी सुकी पावडरच दोन चमचे जास्त टाकली तर पोषण वाढेल का?

आहारवही

सुकी पावडर टाकू नये. पावडर आणि पाणी यांचे डब्यावर दिलेले प्रमाण बिघडले की क्षार वाढतात आणि बाळाला उलट पाणी कमी पडते. डब्यावर सांगितल्याप्रमाणे दूध तयार करावे आणि ते शिजलेल्या, कोमट झालेल्या अन्नात कालवावे. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवून मग दूध निववण्याचा नियम अन्न सुरू झाल्यावरही तसाच राहतो. दूध कालवलेले आणि बाळाचा चमचा लागलेले उरलेले अन्न पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

शी घट्ट होणे आणि तिचा रंग बदलणे अपेक्षित आहे. सहा महिन्यांनंतर जेवणाबरोबर उघड्या पेल्यातून उकळून निववलेल्या पाण्याचे काही घोट द्यावेत. पेला हा मुद्दाम, कारण बाटलीला पुढे पर्याय लागणारच आहे. केवळ तांदूळ आणि केळे यांवर पहिला महिना काढला की बद्धकोष्ठाची तक्रार येते. डाळी, भाज्या आणि इतर धान्ये आली की बहुतेक वेळा ती जाते. मात्र शी करताना रक्त दिसले, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा वजन उतरू लागले, तर येथे विचारू नये, सरळ दवाखाना गाठावा.

मापाचा चमचा

नऊ आठवड्यांनी परत आले. मुलगी आता साडेसात महिन्यांची आहे. पहिले अठरा दिवस तिने खरोखर दोन-तीन चमच्यांपलीकडे काही घेतले नाही, आणि ९०० मि.ली.ला ६७ ने गुणलेले ते वाक्य मी रोज वाचत असे. एकोणिसाव्या दिवशी चेचलेली डाळ आणि भोपळा यांवर तिने स्वतःहून चमचा ओढला. गेल्या आठवड्यात दुपारची बाटली तिने अर्ध्यावर दोनदा सोडली आणि काल तिच्याकडे पाहिलेही नाही. ती बाटली मी आज तयार केली नाही. दारावरचा कागद अजून तेथेच आहे, पण त्यावर आता फक्त नव्याने दिलेल्या पदार्थांची नावे आहेत. दुधी पाचव्यांदा नाकारला आहे, सहाव्यांदा शनिवारी देईन.